बाईंच्या घरातली हॅकर

देवरुखच्या स्टँडवर सकाळची ठाणे गाडी फलाटाला लागली, तेव्हा बाबांनी शर्टाच्या खिशातून आपला टेस्टर काढला आणि माझ्या हातात ठेवला. बाबा वायरमन. आमच्या वाडीत आणि आजूबाजूच्या वाड्यांत कुणाचीही लाईट गेली की माणसं त्यांच्याकडे येतात. तो टेस्टर त्यांच्या खिशात पेनासारखा कायम असायचा.

"ठेव. कॉम्प्युटरचं काम म्हणजे करंट आलाच. आधी हा लावायचा, मग हात घालायचा."

मी ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत प्रोग्रामर म्हणून रुजू व्हायला निघालेले. माझ्या कामात स्क्रू उघडायची वेळ येत नाही, हे त्यांना सांगू शकले असते. नाही सांगितलं. टेस्टर पर्समध्ये ठेवला. आईने खिडकीतून चकल्यांचा डबा वर दिला आणि घरी सांगून झालेलं पुन्हा सांगितलं, "दुसऱ्याच्या घरात ऱ्हायचं हाय. इचारल्याशिवाय कशाला हात लावू नको हां." गाडी हलली तरी ती हाताने खूण करत होती, हात आवरून ठेव अशी.

गावाला राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी आणि माझ्यासारखं उठून इकडे आलेल्यांसाठी हे लिहितेय. गणपतीला घरी आले की अंगणात खुर्ची टाकून तुम्ही मला तेच प्रश्न विचारता. अमक्याचा बंद पडलेला टीव्ही बघतेस का, तमक्याच्या सुनेचा मोबाईल उघडून देतेस का, आणि आवाज खाली करून, "बँकेच्या आत शिरता येतं ना गो तुला?" मी हसते आणि चहा पिते. खरं उत्तर लांब आहे. ते सांगायचं तर मला डोंबिवलीच्या आठल्ये बाईंबद्दल सांगावं लागेल.

मी आले तेव्हा ठाण्यात जागा परवडणारी नव्हती, म्हणून डोंबिवली पूर्वेला एका जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर खोली घेतली. घरमालकीण म्हणजे आठल्ये बाई. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, एकट्या. सगळी बिल्डिंग त्यांना बाईच म्हणायची. मुलाखत घेतल्यासारखं त्यांनी मला समोर बसवलं. गाव कोणतं, गावाला नदी कोणती, ती कुठे मिळते. नदीचं उत्तर बरोबर आलं, तशी खोली मिळाली.

"आणि तू नक्की करतेस काय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, रक्त तपासणाऱ्या लॅब असतात ना, त्यांचे रिपोर्ट ज्यातून निघतात ते सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते. मी त्यातला एक भाग लिहिते.

"म्हणजे टायपिंग."

"टायपिंग कमी बाई. वाचनच जास्त. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं वाचायचं आणि चुकलंय कुठे ते शोधायचं."

"म्हणजे पेपर तपासणं," बाई म्हणाल्या. त्यांचं समाधान झालं. आजही मला वाटतं की माझ्या कामाचं इतकं सरळ वर्णन दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

बिल्डिंगचं मात्र समाधान झालं नव्हतं. कॉम्प्युटरवाली मुलगी राहायला आलीय म्हटल्यावर एकेक जण यायला लागला. तळमजल्यावरच्या काकूंना मुलाचे युनिव्हर्सिटीचे मार्क "थोडे इकडे तिकडे" करून हवे होते. सोसायटीचे सेक्रेटरी भोईर काका इथलेच भूमिपुत्र. बिल्डिंगच्या जागेवर पूर्वी त्यांच्या आजोबांची भातशेती होती. त्यांना जिन्यात पान थुंकणारा कोण ते माझ्या लॅपटॉपवर बघायचं होतं. "काका, कॅमेराच नाहीये जिन्यात," मी म्हटलं. "त्याच्याबिगर नाय होत काय?" ते खरंच विचारत होते. टीव्हीवर बघितलेला हॅकर सगळ्यांच्या डोक्यात होता. काळी टोपी, हिरवी अक्षरं, धडाधड बोटं चालवली की जगातलं कुठलंही कुलूप उघडलं. मी नाही म्हटलं की लोकांना वाटायचं, येत असणार, मुद्दाम सांगत नाही.

दीडेक वर्ष असं गेलं. मी बाईंच्या हातची आमटी खायला शिकले, त्या माझ्या सुकटीच्या वासाला सरावल्या. कंपनीची बस मानपाडा रोडवरून निघायची आणि शीळफाट्याला अडकायची. तिथे बसल्या बसल्या मी आईला फोन करायचे. आईचा ठरलेला प्रश्न असायचा, "बाईंच्या घरात नीट ऱ्हातेस ना?" मी म्हणायचे, राहते.

मग तो बुधवार आला. त्या संध्याकाळी शीळफाट्याला ट्रेलर बंद पडलेला, मी रोजच्यापेक्षा उशिरा पोचले. दार उघडंच होतं. आत बाई खुर्चीत ताठ बसलेल्या. समोर भोईर काका, आणि बाईंचा पुतण्या शिरीष, जो ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो आणि एरवी दिवाळीला दिसतो. मी चपला काढत होते, तोवर शिरीष म्हणाला, "आली बघा."

झालेलं असं होतं. दुपारपासून बाईंच्या फोनवरचं मेसेजचं खातं बंद पडलेलं, आणि त्याच खात्यावरून बाईंच्या नावाने मेसेज चाललेले. बाई दवाखान्यात आहेत, तातडीने पैसे लागताहेत, या नंबरवर पाठवा. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपांमध्ये बाई होत्या, त्या सगळीकडे मेसेज गेले. काही जणांनी पैसे पाठवलेही. बाईंच्या आजारपणाला कोण नाही म्हणेल?

"तुला यातलं कळतं ना?" शिरीषने मला विचारलं.

"कळतं. आधी सगळ्या ग्रुपमध्ये दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून सांगा की..."

"ते मी सांगितलंय. मी वेगळं विचारतोय. रविवारी काकूचा फोन तुझ्या हातात होता. समोरच्या वहिनींनी बघितलंय."

होता. बाईंना अक्षरं बारीक दिसत होती, मी ती मोठी करून दिलेली. मी तसं सांगितलं. शिरीष बाईंकडे वळला. "काकू, मी तुला तेव्हाच म्हटलेलं. घरात हॅकर ठेवलीस तू."

मी बाईंकडे बघितलं. बाई जमिनीकडे बघत होत्या. नाही म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत. भोईर काका म्हणाले, "रविवारी मीटिंग हाय सोसायटीची. तवा बघू. आता पोरीला जेवू दे." ते चांगल्या मनाने बोलले, पण मीटिंगमध्ये बघायचा विषय आता मी होते.

मी त्यांच्यासमोरच शिरीषच्या फोनवरून पोलिसांच्या सायबर हेल्पलाइनला तक्रार नोंदवायला लावली. मग बाईंच्या फोनवर खातं नव्याने सुरू करायचा प्रयत्न केला. पण चोराने आतून स्वतःचा गुप्त आकडा लावून ठेवलेला. तो माणूस खात्यातून बाहेर पडला, पण बाईंना आत जायला आठवडाभर थांबावं लागणार होतं. मी हे समजावून सांगत असताना शिरीष माझ्या बोटांकडे बघत होता. जितकं जास्त येत होतं, तितकी मी जास्त संशयित होत होते. शेवटी मी बोलायची थांबले आणि आपल्या खोलीत गेले. आईचं वाक्य आठवलं. मी तर विचारल्याशिवाय त्या घरातला चमचादेखील जागचा हलवला नव्हता.

सकाळी बाईंनी नेहमीसारखा दोघींचा चहा ठेवला. कपबशी माझ्यापुढे सरकवली, पण नजर वर केली नाही. मला रागवायचं होतं. पण ऑफिसमध्ये एक सवय लागलेली असते. काही बिघडलं की कोणी केलं हे आधी विचारायचं नाही. काय झालं ते क्रमाने विचारायचं. पहिल्यांदा काय, मग काय. माणसावर रागावून चूक सापडत नाही, हे तिथे रोज दिसतं.

"बाई," मी म्हटलं, "काल सकाळी उठल्यापासून फोनवर काय काय झालं ते मला सांगाल? काही गाळू नका. माझ्यासाठी."

त्या सांगायला लागल्या. गुड मॉर्निंगची फुलं आली. बहिणीचा फोन आला. मग अकराच्या सुमारास एका मुलाचा फोन आला. जुना विद्यार्थी.

"कोण?"

"संजू पाटणकर. आमच्या शाळेचा. मेळावा करताहेत म्हणाला त्यांच्या बॅचचा. मला त्या ग्रुपमध्ये घालणार होता."

"त्याने नाव सांगितलं का स्वतःचं?"

बाई थांबल्या. "तो म्हणाला, 'नमस्कार, ओळखलंत का?' आवाज जरा घोगरा होता. मी म्हटलं, कोण, संजू का रे? तर म्हणाला, हो, संजूच. मी म्हटलं, बाईंची आठवण कशी काय झाली आज? तेव्हापासून तो मला बाई म्हणायला लागला." त्या एकेक वाक्य हळू बोलायला लागल्या. "मेळावाही... मीच म्हटलं, पंचवीस वर्षं झाली असतील, मेळावा करताय की काय. तो म्हणाला, हो बाई, त्यासाठीच फोन केला."

"मग?"

"म्हणाला, ग्रुपमध्ये घेण्यासाठी तुमच्या फोनवर एक आकडा येईल, तो वाचून दाखवा."

त्या आकड्याखाली स्पष्ट लिहिलेलं असतं की हा कुणाला सांगू नका. मी अक्षरं मोठी करून दिलेली होती. पण त्या वेळी बाई फोनवर बोलत होत्या आणि संजूचं पंचवीस वर्षांपूर्वीचं तोंड आठवत होत्या.

त्यांनी कप खाली ठेवला. "मीच सांगितला," त्या म्हणाल्या. "इतकं बरं वाटलं गं मला, कोणाला तरी आठवण आली म्हणून."

हे त्यांना कालच आठवलं होतं का? मी कधी विचारलं नाही. एवढंच सांगितलं, "बाई, मी हे कोणाला सांगणार नाही. सांगायचं की नाही ते तुमचं." आणि बस पकडायला गेले. दाराबाहेर आल्यावर वाटलं, हे फार मोठं बोलून बसलो आपण. बाई गप्प राहिल्या असत्या तर त्यांचा मान शाबूत राहणार होता, आणि मला खोली सोडावी लागणार होती. पस्तीस वर्षं मुलांना शहाणं करणारी बाई एका फोनला फसली, हे त्यांनी का सांगावं?

पुढचे दोन दिवस जिन्यात माणसं मला वाट देत होती, जरा जास्तच. समोरच्या वहिनी मी दिसले की फोन पदराखाली घ्यायच्या. बाई कमी बोलत होत्या.

शनिवारी मी घरूनच काम करत होते. सकाळी दारात बाबा. इस्त्रीचा शर्ट, हातात आईने दिलेली पिशवी. आमच्या वाडीतला प्रकाशदादा डोंबिवलीत रिक्षा चालवतो. त्याच्या कानावर काहीतरी गेलं आणि गावापर्यंत पोचेपर्यंत त्याचं 'सुवर्णाला पोलिसांनी नेलं' असं झालं. बाबा पहिल्या मिळाल्या गाडीने आलेले. मला बघून ते आधी दारातच खाली बसले. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "सामान भर. घरी जाऊ."

"बाबा, मी काही केलं नाही."

"माहीत हाय मला. म्हणूनच सांगतो. जिथं आपल्यावर इश्वास नाय तिथं कशाला ऱ्हायाचं?"

मी म्हटलं, आज काम आहे, संध्याकाळी बोलू. एक चूक त्या दिवशी शोधून द्यायचीच होती. एका लॅबमध्ये लांब नावाच्या दोन बायकांचे रिपोर्ट अदलाबदल होता होता वाचले होते. बाबा पलंगावर बसून बघत राहिले. बाईंनी त्यांना पोहे आणून दिले. मी काय करत होते? वाचत होते. वर जात होते, खाली येत होते, कागदावर बाण काढत होते. मध्येच अर्धा तास नुसती स्क्रीनकडे बघत बसले. बाबांनी काही तरी घडेल म्हणून बरीच वाट बघितली. दुपार कलल्यावर मला ती जागा सापडली. नाव ठरावीक अक्षरांपुढे तोडलं जात होतं आणि तोडलेली दोन नावं सारखी दिसत होती. मी एक ओळ बदलली.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं."

"इतक्या येळात येवढंच लिवलंस?"

"हो."

ते पलंगावरून उठून जवळ आले आणि ती ओळ बघितली. मग म्हणाले, "लाईन फॉल्टीत गेली की आम्ही असंच करतो. तार कुठं तुटलीय ते घरात बसून नाय समजत. पोलामागून पोल चालत जायचं, रानातनं. सापडली की जोडायला किती टाईम लागतो? काय नाय." त्यांनी लॅपटॉपच्या काळ्या कडेला बोट लावलं. "तू फॉल्ट शोधतेस. मी आपला गावात सांगतो की कॉम्प्युटर रिपेर करते."

त्या रात्री ते पुन्हा सामानाबद्दल बोलले नाहीत.

रविवारची मीटिंग खाली पार्किंगमध्ये होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गाड्या बाजूला लावलेल्या. बाबा मागे भिंतीला टेकून उभे. पाण्याच्या टाकीचा विषय झाला, लिफ्टचा झाला. मग शिरीष उठला. सभासद नसूनही काकूच्या वतीने बोलतो म्हणाला. भाडेकरू ठेवताना सोसायटीने चौकशी केली पाहिजे, कॉम्प्युटरची माणसं काय काय करू शकतात हे आपल्याला कळतही नाही, वगैरे. माझं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

बाई उठल्या. वर्गात उठतात तशा, खुर्चीच्या पाठीला हात न लावता.

"शिरीष, बस," त्या म्हणाल्या. "मला बोलायचं आहे. माझ्या फोनमध्ये कोणी शिरलं नाही. कोणी काही फोडलं नाही. बुधवारी सकाळी एका माणसाने मला फोन केला. त्याला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं. मी त्याला माझ्या विद्यार्थ्याचं नाव दिलं, मी बाई आहे हे सांगितलं, मेळाव्याची कल्पनाही मीच दिली. मग त्याने आकडा विचारला, तो मी वाचून दाखवला. दोनदा. स्पष्ट उच्चारात."

कोणी हसलं नाही.

"हे मी गुरुवारपासून जाणते. तीन दिवस मी बोलले नाही, कारण मला लाज वाटत होती. या मुलीला हे ठाऊक होतं आणि तिने कोणाला सांगितलं नाही. तुम्ही तिच्याकडे संशयाने बघत होतात तेव्हाही नाही. सुवर्णा, मी तुझी माफी मागते." आणि त्या बसल्या.

मी फक्त मान हलवली. मागे वळून बघितलं तर बाबा चष्मा पुसत होते.

मग भोईर काका खाकरले. "मना पन आलेला आसा फोन," ते टाकीच्या पाईपकडे बघत म्हणाले. "लाईटबिलाचा. मी बी आकडा सांगून बसलो. घरात कोनाला बोललो नाय." तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, त्यांना कुरिअरचा आलेला. पुढचा बराच वेळ मीटिंगमध्ये कोण कसं फसलं तेच चाललेलं. कोणाचंही कुलूप कोणी फोडलेलं नव्हतं. प्रत्येकाशी कोणीतरी गोड बोललं होतं.

शिरीषने माफी मागितली नाही. जाताना बाईंना म्हणाला, "हे सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?" पण पुढच्या दिवाळीला आला तेव्हा माझ्यापुढे फोन धरला आणि खात्याला गुप्त आकड्याचं जास्तीचं कुलूप कसं लावतात ते विचारलं. मी त्याच्याकडूनच लावून घेतलं, हात न लावता. समोरच्या वहिनींचा फोन मात्र पदराखालून पूर्ण बाहेर कधी आला नाही. आपण निर्दोष ठरलो तरी सगळ्यांच्या मनातला संशय जातोच असं नाही, हेही मी तिथेच शिकले.

बाबा सोमवारी सकाळच्या गाडीने एकटेच परत गेले. निघताना बाईंना म्हणाले, "पोरगी तुमच्या घरी ठेवून चाललोय."

"तुमची पोरगी तिच्या घरी राहते," बाई म्हणाल्या. "मी शेजारच्या खोलीत असते."

चोर सापडला नाही. ज्यांचे पैसे गेले त्यांतल्या एकीने बाईंना फोन केला, पैशांसाठी नाही, तब्येत विचारायला. आणि खरा संजू पाटणकर, जो नाशिकला असतो, त्याच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा त्याने खरंच मेळावा भरवला. बाई गेल्या. तिथेही त्यांनी सगळ्यांना सगळं सांगितलं म्हणे, फळ्यावर आकृती काढून.

आता मी ठाण्याला राहते, लग्न झालंय, कंपनी बदलली. काम तेच, वाचायचं आणि शोधायचं. त्यामुळे गावच्या माझ्या माणसांनो, बँकेत मला शिरता येत नाही. पण कोणी फोन करून प्रेमाने आकडा विचारला तर ठेवून द्या, आणि मग मला फोन करा. कोणावर संशय आला तर आधी त्या माणसाला समोर बसवून विचारा, पहिल्यांदा काय झालं, मग काय झालं. माझ्या विद्येतलं तुमच्या उपयोगाचं ते एवढंच आहे.

रविवारी मी डोंबिवलीला जाते. बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्या दिवसापासून दार लगेच उघडत नाहीत आणि स्वतःहून कोणाचं नाव घेत नाहीत. आतून विचारतात, "कोण?" मी म्हणते, मी. "मी कोण?" मग जिन्यात उभी राहून मला म्हणावं लागतं, सुवर्णा, दत्ताराम मांडवकरांची, देवरुखची. शेजारच्यांना पाठ झालंय ते. लग्नानंतरचं आडनाव त्यांना चालत नाही. माझ्या ठाण्याच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट नंबर सांगितला की पुरतो, आणि गावाला तर सांगावंच लागत नाही. इथे मात्र मी दर रविवारी माझं नाव, माझे बाबा, माझं गाव मोठ्याने सांगते. आतून त्या विचारतात, "नदी कोणती?" मी सांगते, आणि कडी निघाल्याचा आवाज येतो.